बिनमिरचीची पंगत

सून घरात आल्यापासून तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. साडी नाही, दागिना नाही, सणाला माहेरी धाडा म्हणून हट्ट नाही. आणि पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं ते काय, तर मी मिरची सोडावी. खायची नव्हे, घालायची. खायची सोड म्हणाली असती तर एक वेळ ऐकलंही असतं.

मी लातूरची. लग्नकार्यातल्या स्वयंपाकाची कामं घेते. हाताखाली बायकांची टोळी आहे, मोठमोठी पातेली आहेत, आणि लातूर-औसा-निलंगा ह्या पट्ट्यात माझं जे काही नाव आहे ते माझ्या काळ्या तिखटामुळं आहे. माझा रस्सा खाताना पाहुणे नाक पुसतात, कपाळ पुसतात आणि पुन्हा वाटी पुढं करतात. सोयरीक जमली की काही घरांत आधी माझी तारीख विचारतात, मग मंगल कार्यालयाची. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. चुलीपुढं एवढी वर्षं उभी राहिलेल्या बाईला तेवढी मुभा असावी.

माझा मुलगा नांदेडला रेल्वेत आहे आणि सून तिथल्याच एका कॉलेजात इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दरवर्षी नव्यानं नेमणूक, सुट्टी लागली की पगार बंद, आणि कायम असलेल्या लोकांच्या खुर्चीवर चुकून बसलं तर उठायची तयारी. ती मूळची किनवटकडची. वसतिगृहात राहून शिकली. तिथल्या वरणात मिरची तेवढी कळायची, डाळ शोधावी लागायची, असं ती हसत सांगते. हसत सांगते म्हणून लोकांना ते सोपं वाटतं.

त्या हिवाळ्यात ती शनिवारी एकटीच एसटीनं लातूरला आली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तरी मूळ विषय काही निघेना. शेवटी मीच म्हणाले, "बोल की गं, काय पोटात ठिवून बसलीस?"

मग तिनं सांगितलं. तिच्या कॉलेजात मराठवाड्याच्या जुन्या इतिहासावर परिसंवाद भरणार होता. बाहेरगावचे अभ्यासक येणार होते. शेवटच्या दिवशी देवगिरीच्या यादवांच्या काळात जसं जेवत असतील तसं जेवण सगळ्यांना द्यावं, असं हिनं सुचवलं होतं. विभागप्रमुख आधी हसले. मग म्हणाले, करा, पण जबाबदारी तुमची. आणि शेजारच्या टेबलावर पनीरची भाजी ठेवा, पाहुणे उपाशी जायला नकोत. ही म्हणाली, पनीर ठेवणार नाही. यादवकालीन म्हणून पत्रिकेत छापायचं आणि बाजूला पनीर ठेवायचं, तर मग छापायचं कशाला?

"मग?" मी विचारलं.

"मग सर म्हणाले, बघा बुवा, पुढच्या वर्षाच्या तासिकांचं मला लवकरच ठरवायचंय."

मला सगळं कळलं. असल्या गोष्टी कुणी कागदावर लिहून देत नाही, पण ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू येतात.

"आई, तुम्ही कराल का? कँटीनवाल्याला सांगितलं तर तो पनीरलाच यादवकालीन म्हणेल."

"करते की. त्यात काय अवघड हाय?"

"मिरची घालायची नाही."

"कमी घालीन."

"अजिबात नाही, आई. तेव्हा मिरचीच नव्हती."

मला वाटलं, पोरगी शिकून शिकून दमली. मिरची नव्हती म्हणजे काय? ज्वारी नव्हती म्हण, सूर्य नव्हता म्हण. पण ती उठली आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली. फडताळातले डबे एकेक करून खाली काढायला लागली. काही डबे डाव्या हाताला ठेवायची, काही उजव्या. लाल तिखट उजवीकडं. शेंगदाणे उजवीकडं. बटाटे, टोमॅटो, काजू, मक्याचं पीठ उजवीकडं. सोयाबीनच्या तेलाचा अख्खा डबा तिनं दोन्ही हातांनी ओढत उजवीकडं नेला. हे सगळं म्हणे पोर्तुगीजांच्या जहाजांतून किंवा त्यांच्याही नंतर इकडं आलं. यादवांनी ह्यातलं काही डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

साबुदाण्याचा डबा उजवीकडं गेला तेव्हा मात्र मी कमरेवर हात ठेवले. "अगं, ते उपासाचं हाय!"

"तेच तर, आई. एकादशीला आपण गहू, ज्वारी, तूर खात नाही. हे सगळं इथलं, जुनं. आणि साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची पोटभर खातो. चारही दर्यापारचे."

मी आयुष्यभर एकादशी केली. देवाला एवढी वर्षं कळलं कसं नाही, असं मनात आलं. मग मलाच हसू फुटलं, आणि आम्ही दोघी त्या डब्यांच्या पसाऱ्यात बसून बराच वेळ हसलो. सासू-सुना म्हणून आम्ही आधी कधी एवढं हसलो होतो असं मला आठवत नाही.

डावीकडं काय उरलं ते मग पाहिलं. ज्वारी, गहू, तांदूळ. तूर, मूग, उडीद, हरभरा, हुलगे. तीळ, जवस, खोबरं. गूळ, तूप, ताक, चिंच. हिंग, जिरं, मोहरी, धने, मेथी, सुंठ, मिरे. वांगं चालणार होतं, दुधी चालणार होता, कच्ची केळी चालणार होती. भेंडी-गवारीबद्दल ती म्हणाली, खात्री नाही, म्हणून नको. तिचा नियमच होता तो, खात्री नसलेली वस्तू पानात नाही. कुणा जुन्या राजाच्या वेळच्या संस्कृत ग्रंथात मुदपाकखान्याची वर्णनं आहेत, ती तिनं मला वाचून दाखवली. मांडे, वडे, दह्यातले प्रकार ऐकून बरं वाटलं. मग तिनं सांगितलं की शेतातले उंदीर भाजून खायचीही पद्धत त्यात दिली आहे.

"ते ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "आपल्याकडं उंदीर गणपतीपुरता."

दुसऱ्या दिवशी ती नांदेडला गेली आणि मी गंजगोलाईतल्या अत्तारांच्या दुकानात. ह्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं मसाला घेते. त्यांच्या वडिलांकडून माझी सासू घ्यायची. मी नुसती पिंपळी, मिरे, सुंठ आणि हिंग मागितला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"काय भाभी, घरात कुणाची तबियत खराब हाय का? पिंपळी तर आता लोक खोकल्यालाच नेतेत."

"जेवण करायचंय, तिखट."

"पिंपळीचं?" त्यांनी तराजू खाली ठेवला. "भाभी, तुम्ही हमेशा माझ्याकडून ब्याडगीचं पोतं उचलता. आज कुणाची नजर लागली तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. ते खूश झाले. आतून जुनी, ठसठशीत पिंपळी काढून दिली आणि पंगतीला मलाबी बोलवा म्हणाले. पंगत नांदेडला आहे म्हटल्यावर जरा हिरमुसले.

पहिला प्रयोग मी माझ्या टोळीसाठी केला. तुरीचं वरण, भरली वांगी, भाकरी. वाढलं. बायका गप्प जेवल्या. आमच्यात गप्प जेवणं ही चांगली खूण नाही. शेवटी माझ्याबरोबर पहिल्यापासून असलेली बाई, जिला मी टोळीची मुकादम म्हणते, हळूच म्हणाली, "अक्का, कुणाचं आप्रेशन झालंय का?"

मला असा राग आला! रागाच्या भरात दुसऱ्या वेळी मी मूठमूठ मिरे घातले. ते जिभेला काही न कळवता थेट घशाला जाऊन लागले. मिरचीचं तसं नाही, ती ओठापासून भांडत येते. मिऱ्याचा तिखटपणा मागून येतो आणि बेसावध धरतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण चिमूटभर मिऱ्यांना कोण विचारतं.

तिसऱ्या खेपेला सून आली होती. मी पिंपळी, सुंठ आणि वाटलेली मोहरी ह्यांचं प्रमाण बसवलं होतं आणि वांगी मला स्वतःला आवडली होती. तिनं घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "आई, मिरची आहे."

"न्हाई."

"आहे, आई."

"चुलीची शपथ, न्हाई घातली!" मी ओरडलेच. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला खोटं पाडते म्हणजे काय. ती घाबरली, पण मागं सरकली नाही. म्हणाली, "मिऱ्याचं तिखट मला कळतं आता. हे ते नाही. ओठाला लागतंय."

मी पातेलं हुंगलं, मसाला हुंगला, शेवटी मिक्सरचं भांडं हुंगलं आणि खालीच बसले. वर्षानुवर्षं ज्या भांड्यात तिखट दळलं त्याच्या पात्यांखाली, रबराखाली मिरची मुरून बसली होती. तीनदा घासलं होतं मी ते. तिची जीभ खरी निघाली. मी तिला तसं सांगितलं आणि आणखी एक सांगितलं, की माझ्या टोळीतल्या एकीलाही हे कळलं नसतं. ती लाजली. मला तेव्हाच पहिल्यांदा वाटलं, ही पोरगी ज्याच्यामागं लागेल ते धरून आणील. आणि ही आपली आहे, असंही वाटलं.

त्यानंतर मी मिक्सर बंद केला. पाटा-वरवंटा काढला, त्याला टाकीवाल्याकडून नव्यानं टाकी लावून खरबरीत करून घेतला. स्टीलची पातेली बाजूला ठेवून माळ्यावरची पितळी काढली, त्यांना कल्हई लावली. घाण्यावरून करडईचं तेल आणलं. मिरची माझ्या घरात इतक्या ठिकाणी आहे हे मला तिला हाकलायला लागल्यावर कळलं.

पण जमलं म्हणायचं धाडस होत नव्हतं. ते येळवशीला झालं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, उभारून पूजा करायची, आंबिलाचं मडकं न्यायचं आणि भज्जी खायची. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तूर, हरभरा, वाटाणा अशा कोवळ्या दाण्यांना पालेभाज्या, चिंच आणि डाळीचं पीठ लावून केलेली दाट भाजी. त्यात हिरवी मिरची आणि शेंगदाणे सढळ हातानं पडतात. माझ्या भावाचं शेत औशाजवळ आहे. तिथं मी त्या वर्षी दोन पातेली केली. एक नेहमीचं आणि एक सुनेच्या कायद्यातलं. कुणाला काही सांगितलं नाही.

लोक जेवले. दोन्ही पातेल्यांतून वाढून घेतलं. माझा भाऊ, जो ठेच्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही, तो दुसऱ्या पातेल्यापाशी तिसऱ्यांदा आला आणि म्हणाला, "अक्का, ह्या भज्जीत तूर तुरीसारखी लागायलीय. आन् हरभरा हरभऱ्यासारखा. काय केलंस गं?"

"काय न्हाई केलं," मी म्हणाले, आणि खरंच ते तसंच होतं. सून माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लग्नातल्या नवऱ्यामुलीच्या आईच्या डोळ्यांत बघते, पंगत नीट उठल्यावर.

ती भज्जी यादीत आली. पण तिथंही ही बाई इमानदार. पानापाशी ठेवायच्या चिठ्ठीवर तिनं लिहिलं, "परंपरेनं चालत आलेली, इतकी जुनी आहे असं सांगता येत नाही." मी म्हणाले, अगं, कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस, कुणाला कळणार हाय? ती म्हणाली, मला कळेल ना.

मग सगळं पटापट झालं. वांगी भरून, तीळ-खोबऱ्यात. हिंग-मिऱ्याची फोडणी दिलेलं तुरीचं वरण आणि त्यावर तूप. अर्धापूरची कच्ची केळी, मोहरी वाटून. उडदाचे वडे दह्यात. ज्वारीची भाकरी, पालथ्या मडक्यावरचे मांडे, भज्जी, आंबील. गव्हाची खीर गुळातली, आणि काजूच्या जागी किनवटच्या जंगलातली चारोळी, ती तिच्या वडिलांनी पाठवली. पळसाच्या पत्रावळीही त्यांनीच पाठवल्या. शेवटी विडा.

परिसंवादाच्या शेवटच्या दिवशी आम्ही टेम्पोनं नांदेडला पोचलो. कॉलेजच्या हॉलमागं मोकळ्या जागेत दगड मांडून चुली केल्या. चुली पेटवायच्या आधी मी बायकांच्या पिशव्या तपासल्या. हो, तपासल्या. एकीच्या डब्यात ठेचा निघाला, दुसरीकडं लोणचं. मुकादमबाईच्या पिशवीत मीठ-मोहरी आणि वाळक्या लाल मिरच्या, कारण पहिली पंगत बसायच्या आधी मोठ्या पातेल्याची दृष्ट काढायची आमची रीत आहे. "आज मीठ-मोहरीवर भागवा," मी म्हणाले आणि पातेल्यापुरती मीठ-मोहरी काढून बाकीचा सगळा ऐवज माझ्या थैलीत टाकून थैली हॉलच्या मागच्या भिंतीतल्या खुंटीला लावली. टेम्पोच्या आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची काढायला लावलं तेव्हा ड्रायव्हर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. पाहुणे मांडी घालून बसले. मधोमध विभागप्रमुख, आणि त्यांच्या शेजारी बाहेरगावाहून आलेले एक म्हातारे अभ्यासक. ह्या माणसानं म्हणे सगळा जन्म यादवांच्या काळावर घालवलेला. सकाळी भाषणात त्यांनी असल्या जेवणांची थट्टाही केली होती. नाव यादवांचं आणि चव ढाब्याची, असं काहीतरी बोलले होते. सून नारायणपेठी नेसली होती. ती पुढं उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजच्या जेवणात मिरची नाही. जेवणातच काय, आमच्या स्वयंपाकघरातही आज मिरचीचं बी सापडणार नाही."

मी मागच्या दाराच्या पडद्याआडून बघत होते. इतकी लग्नं उठवली मी, पण पहिल्या घासाला एवढी कधी घाबरले नव्हते.

म्हाताऱ्या सरांनी वरण-भाकरी कालवली. एक घास खाल्ला. मग वांग्याला हात घातला. मग थांबले, मान खाली घालून चघळत राहिले. शेजारचे विभागप्रमुख त्यांच्या तोंडाकडं बघत होते, स्वतःचं खायचं विसरून. सरांनी मान वर केली आणि वांगी पुन्हा मागितली. मग सुनेला जवळ बोलावलं. तेल कुठलं, पिंपळी किती, केळी कुठली, असं विचारायला लागले. ती उत्तरं देत होती. जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणत होती. हळूहळू आजूबाजूचे लोक जेवता जेवता ऐकायला लागले. अख्खा हॉल माझ्या सुनेकडं बघत होता.

माझी छाती अशी भरून आली की मला ते सांगता यायचं नाही. वसतिगृहाच्या वरणात डाळ शोधणारी ती पोर आणि तिच्या तोंडाकडं बघणारी ही शिकली-सवरलेली माणसं. एवढ्या नजरा! आणि एवढ्या नजरा म्हटल्यावर माझ्यासारख्या बाईचा हात कुठं जाणार?

ती तूप न्यायला मागं आली. मी तिला धरून चुलीपुढं पाटावर बसवलं. ती "आई, लोक थांबलेत" म्हणत होती. मी ऐकलं नाही. खुंटीवरच्या थैलीतून मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत घेतल्या, तिच्यावरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, शिकल्यासवरल्याची, कुणाचीबी लागली असंल तर जळून जाऊ दे." आणि मूठ चुलीत टाकली.

टाकली आणि मग कळलं काय केलं ते.

भपकन धूर उठला. वारा नदीकडून होता, हॉलची मागची खिडकी सताड उघडी. आधी माझ्या बायका खोकल्या, मग पंगतीची शेवटची रांग, मग मधली. विभागप्रमुख तोंडाला रुमाल लावून उभे राहिले. "मॅडम! ही मिरची आहे! काय प्रकार आहे हा?" म्हाताऱ्या सरांनी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. तो घास खाली ठेवलेला मी पाहिला. ज्या बाईनं सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या तिनंच सुनेच्या तोंडाला काळं फासलं. मी पदर खोचला. बाहेर जाऊन सांगायचं, ही अडाणी म्हातारी, हिला काही माहीत नव्हतं, मी केलं, पोरीला बोलू नका.

पण सुनेनं तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, मला थांबवते. तर तिनं मला ओढत हॉलमध्ये नेलं. एवढी वर्षं स्वयंपाक करते, मी पंगतीपुढं कधी उभी राहिले नव्हते. हाताला राख, केस विस्कटलेले.

"सर," ती म्हणाली, "स्वयंपाकघरात मिरची नाही असं मी म्हणाले होते. ते चुकीचं निघालं, मी मागं घेते. जेवणात मिरची नाही, हे मात्र अजूनही खरं आहे. मिरची चुलीत आहे. हे जेवण ज्यांनी केलं त्या ह्या माझ्या सासूबाई. त्यांनी आत्ता माझी दृष्ट काढली."

कुणीतरी हसलं. खोकत खोकत हसलं.

"आणि पुढं सांगते," ती म्हणाली. "यादवांच्या काळात दृष्टीला मिरच्या नव्हत्या. मीठ-मोहरी असेल. तेव्हा हे कृत्य यादवकालीन नाही. आणि सासूनं सुनेची दृष्ट काढली असं तर मला कुठल्याच काळात वाचायला मिळालेलं नाही, सर. ग्रंथात नाही, शिलालेखात नाही, ताम्रपटात नाही."

म्हाताऱ्या सरांनी ताकाचा घोट घेतला. माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मग म्हणाले, "मग टिपून ठेवा, मॅडम. पुढच्यांना तुमचा आधार लागेल." आणि त्यांनी खाली ठेवलेला घास उचलून तोंडात घातला.

त्यांचं बघून सगळे जेवायला लागले. विभागप्रमुखही बसले. निरोप देताना ते पाहुण्यांना सांगत होते, "ह्या आमच्या विभागाच्या मॅडम." आमच्या. पुढच्या वर्षीच्या तासिका तिला मिळाल्या, आणि आता म्हाताऱ्या सरांच्या सांगण्यावरून ती मराठवाड्याच्या जुन्या जेवणावर लिहिते आहे. माझ्या भज्जीचाही त्यात उल्लेख येणार आहे. इतकी जुनी आहे असं सांगता येत नाही, अशाच शब्दांत येणार. मी काही बोलत नाही.

पण त्या दिवशी, सगळे पुन्हा जेवायला लागले तेव्हा, मी अजून तिथंच उभी होते. सुनेनं माझं मनगट सोडलं नव्हतं. मुकादमबाई खोकतच मागून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, केवढा ठसका उठलाय बघा." आम्हा बायकांना ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दृष्ट लागलेली असली की मिरच्या नुसत्या जळून जातात, ठसका येत नाही. लागलेली नसली तर माणसं खोकून बेजार होतात. मी पंगतीकडं पाहिलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्राध्यापक, पाहुणे, पोरंपोरी, विभागप्रमुखसुद्धा जेवता जेवता तोंडाला रुमाल लावून खोकत होते. भरल्या हॉलात माझ्या सुनेवर एकाचीही वाईट नजर नव्हती.